गिटारची सहा बटणं आणि गोंदियाची लाख

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे घाईत सुटलं, ते इथे थोडं भरून घेतलंय.)

इअरफोन लावलेत ना? मग आधी हा आवाज ऐका.

[खरखर, मग टक्]

हा आवाज माझ्या आजोबांच्या गिटारच्या एका चावीचा. चावी म्हणजे तार घट्ट-सैल करायला गिटारच्या डोक्यावर जे फिरवतो ते. आणि तो जो शेवटचा टक् आहे ना, तो चावीच्या बटणाचा तुकडा फरशीवर पडल्याचा. मी फक्त पिरगाळायला गेलो, आणि बटण बोटांत भुगा होऊन आलं. पिवळसर, साखरेसारखा भुगा.

आजचा भाग त्या भुग्यावर आहे. हसू नका. या सहा बटणांच्या मागे लागून मी हत्तीपासून कापरापर्यंत, पुण्याच्या आगीपर्यंत आणि शेवटी आमच्याच गोंदिया जिल्ह्यातल्या पळसाच्या झाडापर्यंत पोचलो. इतिहास शोधायला मी निघालोच नव्हतो, मला गिटार सुरात लावायची होती.

आधी गिटारची ओळख. आजोबा रेल्वेत गार्ड होते. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरकडे जी छोटी लाइन जायची, त्या नॅरोगेजवर. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली नसेल, आता ती ब्रॉडगेज झाली. पूर्वी ही सगळी बंगाल-नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर. कंपनी स्थापन झाली 1887 मध्ये, मुख्यालय कोलकात्याला. त्यामुळे गोंदिया महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला असलं, तरी रेल्वेच्या माणसांचं येणंजाणं मुंबई-पुण्यापेक्षा खरगपूर-कोलकात्याशी जास्त. आजोबांना ही गिटार एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने दिली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत तो कुटुंबासकट देश सोडून चालला होता, सामान विकत होता. आजोबांनी ती किती रुपयांना घेतली, हे प्रत्येक वेळी वेगळं सांगायचे. गिटारच्या आत कंपनीचं लेबल नाही. कधीतरी होतं, त्याच्या डिंकाचा चौकोनी डाग तेवढा आहे.

आजोबा ती आडवी, मांडीवर ठेवून वाजवायचे, तारांवर लोखंडी दांडी सरकवत. हवाईयन पद्धत. आज विचित्र वाटेल, पण तेव्हा भारतात गिटार म्हटलं की बऱ्याच घरांत हीच डोळ्यांसमोर यायची. हवाई बेटांवरचे वादक भारतात दौरे करत होते, टाउ मो हे त्यांतले मोठं नाव, आणि 1940 च्या दशकात ते कोलकात्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. हीच पद्धत पुढे ब्रिजभूषण काबरांनी रागदारीत नेली. आमच्या आजोबांचं म्हणाल तर दोन सिनेमाची गाणी आणि एक आरती, एवढंच भांडवल. पण वाजवायचे मनापासून.

ते गेल्यावर गिटार मी गुंडाळून ठेवली. हे लक्षात ठेवा, नंतर यावर यायचंय. कॉलेजात होतो. धूळ लागू नये, पावसाची ओल लागू नये म्हणून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंडाला टेप लावली, पेटीत ठेवली, पेटी माळ्यावर. मला वाटलं, किती काळजी घेतली!

बारा वर्षांनी उघडली. सहापैकी दोन बटणांचा भुगा, तिघांना आरपार भेगा, एक शाबूत. चावीच्या पितळी चाकांवर हिरवट थर. आणि पिशवीतून एक वास आला. आजी सैपाकखोलीतून म्हणाली, "काहून गा, आरती नाही काही नाही, कापूर कोणं पेटवला?"

कापूर. हा पहिला पुरावा.

चावी म्हणजे नेमकं काय

कापराकडे जायच्या आधी दोन मिनिटं चावीवर. तार वाजवायची तर ती ताणायला हवी. सतार-तंबोऱ्याला त्यासाठी लाकडी खुंटी असते. खुंटी भोकात घट्ट बसते आणि लाकडाने लाकूड धरून ठेवलेलं असतं, एवढंच. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फरीदसाहेब सितारमेकर आणि त्यांच्या घराण्याने ही कला वाढवली. मूळचं हे घराणं हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे आजही खुंटी हाताने घासून भोकात बसवतात. अशी खुंटी बिघडली तर सुतारही दुसरी करून देतो.

व्हायोलिनला आणि जुन्या गिटारनाही अशाच खुंट्या होत्या. मग एकोणिसाव्या शतकात युरोपात दात्यांच्या चाव्या आल्या. एक मळसूत्राचा दांडा आणि त्यात अडकलेलं छोटं दातेरी चाक. दांडा बारा-चौदा वेळा फिरवला की तार गुंडाळणारा खुंट एकदा फिरतो. म्हणून बारीक सूर लावता येतो आणि तार उलटी सुटत नाही. व्हिएन्नाच्या श्टाउफरच्या गिटारना अशा चाव्या असायच्या, आणि त्याच परंपरेतला कारागीर ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन 1833 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन गिटार बनवू लागला. आज जगभर ॲकॉस्टिक गिटारवर जे नाव मोठं मानतात, ते हेच.

आता या दांड्याच्या टोकाला बोटांत धरायला काहीतरी हवं. तेच आपलं बटण. धातूचा दांडा, त्यावर मऊ दिसणारं, बोटाला न टोचणारं, पांढरं बटण. चांगल्या वाद्यांवर ते हस्तिदंताचं असायचं. स्वस्त वाद्यांवर हाडाचं किंवा लाकडाचं.

हत्ती, बिलियर्ड आणि कापूर

हस्तिदंत फक्त गिटारला लागत होता असं नाही. पियानोच्या पट्ट्या, चाकूच्या मुठी, कंगवे आणि सगळ्यात जास्त चर्चा झाली ती बिलियर्डच्या चेंडूंची. एका चांगल्या सुळ्यातून मोजके चेंडू निघायचे. 1860 च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डचं सामान विकणाऱ्या एका कंपनीने जाहीर केलं की हस्तिदंताला पर्याय शोधून देणाऱ्याला 10,000 डॉलर देऊ. हत्तींवर दया आली म्हणून नाही बरं का, माल महाग होत चालला होता म्हणून.

जॉन वेस्ली हायॅट नावाचा छापखान्यातला माणूस त्याच्या मागे लागला. त्याच्याही आधी, 1862 च्या लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने असाच एक पदार्थ मांडला होता. गंमत अशी की कापूस नायट्रिक आम्लात भिजवला की त्याचं एक रसायन होतं, आणि जोरात केलं तर ते स्फोटक बनतं. तेच सौम्य करून त्यात कापूर घातला, दाब आणि उष्णता दिली, की हवा तो आकार घेणारा पदार्थ मिळतो. हायॅटने 1870 मध्ये पेटंट घेतलं. नाव पडलं सेल्युलॉइड.

तर मंडळी, आपल्या आरतीच्या तबकातला कापूर आणि गिटारचं बटण, दोघं सख्खे शेजारी निघाले. जुनं सेल्युलॉइड ओळखायची सोपी युक्तीही हीच. अंगठ्याने जोरात घासा, गरम झालं की कापराचा वास येतो. आमच्या आजीने न घासताच ओळखलं.

या शोधाने कापरालाही भाव आला. तेव्हाचा बराच कापूर तैवानच्या जंगलातल्या कापूरवृक्षांतून यायचा. जपानने तैवान घेतल्यावर 1899 मध्ये कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली. म्हणजे हत्तीवरचा भार थोडा कमी झाला, तो दुसऱ्या कुठल्या तरी जंगलावर गेला. असा प्रकार या गोष्टीत परत येणार आहे.

सेल्युलॉइड सगळीकडे पसरलं. कंगवे, बाहुल्या, चष्म्याच्या फ्रेम, गिटारची बटणं, गिटारवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावायची पट्टी. आणि सिनेमाची फिल्म. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तो याच कुळातल्या नायट्रेट फिल्मवर.

पण या पदार्थात एक खोट आहे. तो हळूहळू सडतो. त्यातून आम्लाची वाफ निघते. ती वाफ बाहेर जाऊ शकली नाही, तर तीच उरलेल्या पदार्थाला आणखी वेगाने सडवते, आणि शेजारच्या धातूला गंज चढवते. हिरवा थर आठवतोय ना?

आणि मी काय केलं होतं? पिशवी, टेप, पेटी, माळा. गोंदियाचा मे महिना, वर तापलेलं छप्पर. बटणांतून निघणारी वाफ जायला मी एक फट ठेवली नव्हती. आजोबांनी ती गिटार पन्नासेक वर्षं खुंटीला उघडी टांगली होती, तेव्हा बटणं नुसती पिवळी पडली. मी जपून ठेवली आणि बारा वर्षांत संपवली.

हे वाचल्यावर दोन दिवस मी गिटारकडे बघितलं नाही, खरं सांगतो.

माझं नुकसान सहा बटणांचं. 8 जानेवारी 2003 ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या दशकांतली कितीतरी रिळं गेली. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानेही सहज विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. ज्यांनी ती रिळं गोळा केली होती, त्यांनी ती जपायलाच आणली होती.

दुकानदाराचा सल्ला

आता बटणं बदलायची. नागपूरच्या एका दुकानात गिटार नेली. त्यांनी बघून सांगितलं, "ही चावी आता येत नाही. सगळा सेट काढा, नवीन लावून टाका." सल्ला चुकीचा नव्हता, सोपा होता. पण जुन्या चाव्या एका पट्टीवर तीन अशा बसवलेल्या असतात. नवीन सेटचं अंतर जुळत नव्हतं. म्हणजे गिटारच्या डोक्यात नवीन भोकं पाडायची, जुनी बुजवायची. आणि चाकं तर चांगली होती. हिरवा थर ब्रशने आणि थोड्या तेलाने निघाला, दाते शाबूत होते. फिरत होतं सगळं. फक्त धरायला काही नव्हतं.

मामा म्हणाला, "अरे दोन हजारांत नवी गिटार येते, कशाला डोकं लावतोस?" मामाचं बरोबर होतं, पण मला ती नवी नको होती.

नुसती बटणं मिळतात, ऑनलाइन मागवली. आता प्रश्न असा की ती बसवायची कशी. जुनी बटणं दांड्यावर थेट ओतलेली असतात, त्यांना स्क्रू नसतो. नव्यांना चपटं भोक असतं, त्यात दांडा घुसवून चिकटवायचा. काय वापरायचं? घरात होतं ते झटपट चिकटणारं केमिकल मी हातात घेतलंही होतं. तेवढ्यात गिटार दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांची पद्धत वाचनात आली. ते भोकात लाखेचा चुरा भरतात, दांडा तापवतात, आणि वितळत्या लाखेत दांडा बसवतात.

लाख! ती आमच्याकडे झाडावर होते.

आपल्या पळसावरची गोष्ट

गोंदिया म्हटलं की लोक तांदूळ म्हणतात, बिडी म्हणतात, सारस पक्षी म्हणतात. लाख कोणी म्हणत नाही. पण गावाच्या नावाची जी गोष्ट इथे सांगतात, तीच लाखेची आहे. जंगलातले गोंड लोक गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख घेऊन इथे विकायला यायचे, त्यावरून गोंदिया. जिल्हा म्हणून आपण 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळे झालो, पण हा व्यवहार कितीतरी जुना. महाराष्ट्रात लाख होते ती मुख्यतः गोंदिया आणि गडचिरोली याच पूर्वेकडच्या जिल्ह्यांत.

लाख म्हणजे झाडाचा डिंक नाही, हे मला पण उशिरा कळलं. तो एका बारीक कीटकाचा स्राव आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक लाखोंनी बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. सगळ्यांची कवचं एकमेकांना चिकटून फांदीवर लालसर पापुद्रा होतो. एक किलो लाखेला सुमारे तीन लाख कीटक लागतात असं सांगितलं जातं. देवरीकडे आईच्या माहेरी मी लहानपणी अशा फांद्या पाहिल्यात, मला वाटायचं झाडाला खरूज झालीय.

शेतकरी काय करतो, तर कीटक असलेल्या काड्या, म्हणजे बी-लाख, दुसऱ्या झाडाच्या फांद्यांना बांधतो. पिल्लं त्या फांदीवर पसरतात. वर्षात दोन पिकं. पळस-बोरीवरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी, आणि कुसुमीला भाव जास्त. मग फांद्या तोडायच्या, लाख खरवडायची, ही कच्ची लाख. ती कुटून, धुऊन, लाल रंग काढून दाणा करायचा. दाणा वितळवून, ताणून, पातळ पापड्या करायच्या, तो चपडा. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून जे पॉलिश मारतात, ते याच चपड्याचं. गोंदियात हे काम करणारे कारखानेही चालले.

हे पॉलिश गिटारशी आधीपासून जोडलेलं आहे. मार्टिनच्या काळातल्या गिटारींना हेच लाखेचं पॉलिश असायचं. आजही महागड्या क्लासिकल गिटारींना कारागीर कापडाच्या बोळ्याने लाखेचेच थर देतात.

तबकडीत कोण वाजत होतं

पण लाखेचं खरं मोठं गिऱ्हाईक होतं ग्रामोफोन. 1890 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या होऊ लागल्या. दगडाची भुकटी, काजळी, सुताचे तंतू, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी लाख. गरम केली की मऊ होते, साच्यात दाबली की बारीकातली बारीक खाच उचलते, थंड झाली की कडक. 1902 मध्ये गौहर जान कोलकात्यात गायल्या, तेव्हा त्यांच्या तबकड्या जर्मनीत छापून परत आल्या. 1908 मध्ये कोलकात्यातच, सियालदाला, तबकड्यांचा कारखाना सुरू झाला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. इकडे गोंदिया-बालाघाटचं जंगल. मधून बीएनआरची लाइन, थेट हावड्याला. तिकडे लाखेची मोठी बाजारपेठ, निर्यातीचं बंदर आणि तबकड्यांचा कारखाना. लाख पोत्यांत भरून पूर्वेला जायची आणि गाणं होऊन परत यायची. बालगंधर्वांची पदं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या, हिराबाई बडोदेकरांचं गाणं, महाराष्ट्राने हे सगळं घरोघरी ऐकलं ते लाखेवर. कुठल्या तबकडीत कुठल्या जंगलातली लाख, हे तबकडीवर लिहिलेलं नसतं. गायकाचं नाव असतं, कंपनीचं चित्र असतं. पळसावर चढून फांद्या तोडणाऱ्याचं नाव असायचं काही कारणच नव्हतं.

आणि भाव कुठे ठरायचा? कोलकाता, लंडन, न्यूयॉर्क. लाख तेव्हा विजेच्या तारांवर, यंत्रांवर आवरण म्हणूनही लागत होती. मागणी वाढली, भाव चढला, आणि भाव चढला की पुन्हा तेच, पर्याय शोधा. लिओ बेकलंड नावाचा बेल्जियमहून अमेरिकेत गेलेला रसायनतज्ज्ञ लाखेलाच पर्याय शोधत होता. 1907 मध्ये त्याच्या हाती बेकलाइट लागलं, पूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेलं पहिलं प्लास्टिक. तुमच्या आजोळी ते जुने काळे विजेचे बटण आहेत ना, टक्-टक् वाजणारे, ते बेकलाइट.

हे लक्षात आलं तेव्हा मी जरा थांबलो. म्हणजे बघा, हत्तीच्या दाताला पर्याय म्हणून सेल्युलॉइड आलं. आमच्या झाडावरच्या लाखेला पर्याय म्हणून बेकलाइट आलं. आपण ज्याला प्लास्टिकचं युग म्हणतो, त्याच्या पायथ्याशी गोंदियासारख्या जंगलातला माल उभा आहे, आणि तो नको म्हणून ते युग सुरू झालं.

लाख लगेच संपली नाही. तिच्यावर संशोधन व्हावं म्हणून 1924 मध्ये रांचीजवळ नामकुमला संस्था उभी राहिली, ती आजही आहे. दुसऱ्या महायुद्धात लाख इतकी मोलाची झाली की 1942 मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाखेचा वापर 70 टक्क्यांनी कमी करायला लावला. लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन, वितळवून, नवी गाणी छापली गेली. हे होऊ शकलं, कारण लाख पुन्हा वितळते. मग 1948 मध्ये विनाइलची एलपी आली आणि लाखेची तबकडी मागे पडली. भारतात मात्र ती 1960 च्या दशकातही निघत होती. बीटल्सची गाणी 78 च्या तबकडीवर छापणाऱ्या मोजक्या देशांत आपण होतो. संग्राहक आज त्यांच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात.

पण जंगलात भाव पडला. ज्या पिकावर घराला दोन पैसे मिळायचे, ते पीक घेणं लोकांनी सोडलं. आज लाख औषधी गोळ्यांवर, चॉकलेटवर, फळांच्या चकाकीसाठी, नेलपॉलिशमध्ये लागते. उत्पादनात झारखंड, छत्तीसगड आपल्या बरेच पुढे आहेत. आमच्या भागात काही गावांत बी-लाख बांधायचं काम अजून चालतं. आईच्या माहेरी ते आता कोणी करत नाही.

सोनारकाकांचं दुकान

मला मूठभर लाख हवी होती. गंमत बघा, लाखेच्या जिल्ह्यात राहून मी ती ऑनलाइन शोधत होतो. आजी म्हणाली, "सोनाराकडे जा ना गा."

बाजारातल्या आमच्या ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांना गिटारमधलं काही कळत नव्हतं, लाखेतलं सगळं कळत होतं. आपल्याकडे बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजातली पानं, ही आतून पोकळ असतात आणि पोटात लाख भरलेली असते. वर सोन्याचा पातळ पत्रा. म्हणून दागिना भरदार दिसतो आणि चेपत नाही. काकांनी दांडा बघितला, नवं बटण बघितलं, म्हणाले, "हे तर विळ्याची मूठ बसवल्यासारखंच आहे." खरंच की! विळा, सुरी, यांची शेपटी मुठीच्या भोकात लाखेनेच पक्की करायचे. जे मी परदेशी कारागिराचं गुपित म्हणून वाचलं होतं, ते गावच्या लोहाराला माहीत होतं.

जुनी बटणं आधीच काढून नेली होती. एक सावधगिरी सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणीतरी हे करून बघणार. जुनं बटण तापवून काढू नका. सेल्युलॉइड असेल तर पेट घेतं. पक्कडीने थोडं थोडं कुरतडून तोडायचं, डोळ्यांवर चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून. दांड्यावरचा उरलेला भुगा नीट घासून काढायचा, कारण तो राहिला तर नव्यालाही त्रास देतो.

मग काकांनी भोकात लाखेचा चुरा भरला. मी दांड्याला सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवून धरली. बटण नाही तापवायचं, धातू तापवायचा. लाख मऊ व्हायला फार उष्णता लागत नाही, पाणी उकळतं त्याच्याही आत. दांडा तापला, काकांनी बटण सरळ दाबलं, भोकाच्या कडेने लालसर लाखेचा एक थेंब बाहेर आला. दहा-पंधरा सेकंद धरून ठेवलं. झालं.

तिसरं बटण मी घाईत वाकडं बसवलं. मला वाटलं, गेलं. काका म्हणाले, "काही नाही, परत तापव. लाख गरम केली की धरते, गरम केली की सोडते." परत तापवलं, सुटलं, सरळ बसवलं. ते झटपट चिकटणारं केमिकल वापरलं असतं, तर हे झालं नसतं. पुढे कोणाला ही बटणं बदलायची असतील, माझ्या मुलांना म्हणा, तर त्यांनाही काही तोडावं लागणार नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ती हीच.

काकांनी पैसे घेतले नाहीत. उरलेली लाख कागदाच्या पुडीत बांधून दिली.

एक जुनं बटण शाबूत होतं, आठवतंय? ते बाकीच्यांसारखं दिसेना, म्हणून सहाही नवी लावली. पण ते फेकलं नाही. कागदाच्या पाकिटात, हवा लागेल असं, धातूपासून आणि गिटारपासून लांब ठेवलंय. त्याच्या कडेला एक गुळगुळीत खोलगट जागा आहे. आजोबांच्या अंगठ्याने पन्नास वर्षांत केलेली. तेही एक दिवस भुगा होणार, त्याला मी काही करू शकत नाही. पण घाई मी करणार नाही.

गिटार आता भिंतीवर, खुंटीला, उघडी. धूळ बसते. पुसतो.

आता शेवटी एक काम तुम्हाला. घरी जुनं काही असेल, कंगवा, फाउंटन पेन, बाहुली, चष्म्याची फ्रेम, आणि ते हवाबंद डब्यात असेल, तर आज उघडून बघा. कापराचा वास आला तर मोकळ्या हवेत, उन्हापासून आणि आगीपासून लांब ठेवा. आणि तुम्ही गोंदिया, भंडारा, गडचिरोली, बालाघाटकडचे असाल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्याकडे कोणी लाख लावायचं का? कशी लावायचे, कुठे विकायचे, भाव कोण सांगायचं? फोनमध्ये रेकॉर्ड करा. त्या माणसांचा आवाज लाखेच्या तबकडीवर कधी आला नाही. तुमच्या फोनमध्ये तरी येऊ दे.

जाता जाता हे ऐका. सहा तारा, सहा बटणं, मधे गोंदियाची लाख. वाजवतोय मी, म्हणून थोडं सांभाळून घ्या. ही आजोबांची आरती.

[गिटार]

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.